कासवाचा दिवा आणि किल्लारीचा रस्ता

नांदेड

तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन आलं की मराठवाडा बघून झाला, अशी आम्हा कोल्हापूरकरांची सोयीस्कर समजूत असते. माझीही होती. पन्नाशी उलटेपर्यंत नांदेड-लातूर ही नावं मी फक्त रेल्वेच्या पाटीवर वाचली होती. यंदा जाऊन आले. गेले नसते तर बरं झालं असतं, असं आता मनात येतं, आणि लगेच वाटतं की नाही, गेले ते ठीकच झालं, तोंड तेवढं आवरायला हवं होतं.

कोल्हापुरात माझं हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं गॅरेज आहे. बाई गॅरेज चालवते म्हटल्यावर माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग बोर्डाकडं, मग परत माझ्याकडं. त्याची मला सवय झालीय. डिप्लोमाची माझी वर्गमैत्रीण सुनंदा नांदेडला एका तंत्रनिकेतनात शिकवते. ती वर्षभर मागं लागली होती, "अगं, पोरांना बॅटरीचा सेन्सर म्हणजे काय ते पुस्तकातून समजत नाही. दोन दिवस ये आणि दाखव." शेवटी गेले.

सकाळी सुनंदाच्या घरी नाश्त्याला 'सुशीला' आली. मला वाटलं कुणी पाहुणी आलीय. ताटलीत बघते तर भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी. आमच्याकडं मुरमुरे म्हणजे भडंग, तोही कुरकुरीत. भिजवलेला मुरमुरा खायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. दोनदा मागून घेतला. मग अर्धापूरच्या केळ्यांचा अख्खा घड पुढ्यात आला. सुनंदाचे यजमान नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "तुमच्याकडं ऊस, आमच्याकडं केळी. गोडाला कुठंच तोटा नाही, पाण्यालाच तोटा." मी हसले. पाण्याचं ते बोलणं किती खरं आहे हे मला लातुरात कळलं.

वर्कशॉपला मुलं चांगली जमली होती. दाखवायला एक जुनी बॅटरीची पेटी होती. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी म्हणजे एक डबा नसतो, ओळीनं मांडलेले कप्पे असतात. प्रत्येक दोन कप्प्यांच्या मधून एक बारीक तार निघते आणि या कप्प्यात किती व्होल्ट, त्या कप्प्यात किती, हे गाडीच्या मेंदूला कळवते. कप्पा खराब झाला तर व्होल्ट खाली येतात आणि गाडी दिवा लावते. पण कधी कधी कप्पा ठणठणीत असतो आणि तारच खोटं सांगते. मग काय, लोक चांगली बॅटरी भंगारात घालतात.

ओळखायचं कसं, तर शेतकऱ्यांच्या मुलांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. दोन भावांच्या शेतामधला बांध सरकला तर एकाचं शेत कमी भरतं आणि दुसऱ्याचं तेवढंच जास्त. एकूण जमीन तेवढीच राहते. तसं एक कप्पा जेवढा कमी दाखवतोय, शेजारचा नेमका तेवढाच जास्त दाखवत असेल, तर समजा बांध सरकलाय. म्हणजे मधली तार बिघडलीय, कप्पे नाहीत. मुलांना एकदम पटलं. बांधावरून भांडणं सगळ्यांच्याच घरी झालेली असणार.

मग मी जरा चढूनच बोलले. म्हटलं, "गाडीतला प्रत्येक दिवा खरंच सांगतो असं समजायचं नाही. दिव्याला भिऊन गॅरेज चालत नाही."

मागच्या बाकावरून एक चाळिशी ओलांडलेला माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, हातात टोपी. विद्यार्थी नव्हता हे उघड होतं. त्यानं विचारलं, "ताई, कोणता खरा अन् कोणता खोटा, ते गाडी चालवून राहिलेल्या माणसाला कसं कळावं?"

"मीटर लावून," मी म्हटलं. मुलं हसली. तो नाही हसला. मान हलवून खाली बसला.

लोह्याचा रस्ता

मागच्या बाकावरच्या त्या माणसाचं नाव अंकुशराव. मूळचे किल्लारीचे, आता लातुरात राहतात. वर्कशॉपचं कुणाकडून तरी कळलं म्हणून एसटीनं नांदेड गाठलं होतं. संध्याकाळी ते सुनंदाच्या दारात येऊन उभे राहिले. सुनंदानं चहा दिला तर उभ्यानंच घेतला.

त्यांची इलेक्ट्रिक व्हॅन आहे. लातुरात डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावच्या मुली येऊन राहतात. एका होस्टेलमधून त्या मुलींना क्लासला नेणं-आणणं हा त्यांचा धंदा. आधी ते किल्लारी-लातूर जीप चालवायचे. पोरींचं काम लागल्यावर त्यांना धुरानं मळमळतं म्हणून डिझेलची ती जीप विकून ही घेतली. पहिलं वर्ष सुखात गेलं. गेल्या महिन्यापासून मधेच डॅशबोर्डवर कासवाचं चित्र पेटायचं. ते पेटलं की गाडी आपोआप मंदावते, बॅटरीत गडबड आहे असा त्याचा अर्थ. शोरूमवाल्यांनी सांगून टाकलं, बॅटरी गेली, नवी टाका. नवी बॅटरी म्हणजे जवळजवळ नवी गाडीच.

"कासव लागलं की मी गाडी थांबवतो," ते म्हणाले. "पोरींना उतरवतो अन् पायी क्लासला सोडतो. एकदा त्यांचा पेपर हुकला. होस्टेलची मॅडम लई तापली. सोमवारी नवी बॅच सुरू होऊन राहिली. त्याच्या आत गाडी नीट न्हाई झाली तर दुसरी लावती म्हणाली."

"थांबता कशाला? हळू का होईना, गाडी चालते की," मी म्हटलं.

"न्हाई ताई. गाडी सांगून राहिली की काहीतरी बिघडलंय. अन् आत पोरी."

बाकीचे ड्रायव्हर त्यांना चिडवायचे, कासवाला भिणारा म्हणून. हे त्यांनीच सांगितलं, राग न धरता.

वर्कशॉप संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लातूरला निघाले. परतीची गाडी तिथूनच पकडायची ठरवली. एसटी लोह्याला थांबली तेव्हा अंकुशरावांनी खाली उतरून गरम भजी आणली आणि बरोबर कागदात नुसत्या तळलेल्या मिरच्या. मी कोल्हापूरची, तिखटाचा आम्हाला मोठा गर्व. एक मिरची खाल्ली आणि अहमदपूरपर्यंत गप्प बसले. ते खिडकीबाहेर बघत होते, पण हसू दाबलेलं मला दिसत होतं.

लातूर

लातुरात शिरताना भिंती दिसतच नाहीत, मुलांचे फोटो दिसतात. अमुक क्लासचा अमुक, इतके मार्क, शेजारी आईबाप हात जोडून. आमच्याकडं चौकात पैलवानांचे फलक लागतात, इथं बारावीच्या पोरांचे. रस्त्यानं मुलींचे थवे, पाठीवर सॅक, हातात उघडी वही, चालता चालता पाठ करताहेत. मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, परत मेस. सोळा-सतरा वर्षांची ही लेकरं बघून मला कौतुकापेक्षा काळजीच वाटली.

अंकुशरावांच्या बायकोनं, रेखावहिनींनी, आधी जेवायला बसवलं. भाकरी, येसराची आमटी आणि वर तुपाची धार. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचा मसाला. त्याची आमटी दाट, खमंग. मी म्हटलं आधी गाडी बघू. वहिनी म्हणाल्या, "गाडी कुठं पळून चालली? कासवच हाय की ती." नवऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं तशा त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

अंगणात लिंबाखाली व्हॅन उभी होती. धुऊन पुसून लख्ख. मी रबरी हातमोजे घातले, सेफ्टी प्लग ओढून बाजूला ठेवला, थोडा वेळ जाऊ दिला. त्याआधी स्कॅनरवर आकडे वाचून घेतले होते आणि खरं सांगते, मला आनंदच झाला होता. सातवा कप्पा कमी, आठवा तेवढाच जास्त. बांध सरकला होता. सीट काढून झाकण उघडलं, मीटरची टोकं थेट कप्प्यांवर टेकवली. दोन्ही सारखे. तरी मी थांबले नाही. हेडलाइटचा एक बल्ब दोन्ही कप्प्यांना पाळीपाळीनं जोडून बघितला, कारण कप्पा आजारी असेल तर ओझं पडल्यावर लगेच मान टाकतो. दोन्ही सारखेच तग धरून राहिले.

"बॅटरी उत्तम आहे," मी म्हटलं. रेखावहिनी उंबऱ्यात खालीच बसल्या. अंकुशरावांनी हात बॅटरीच्या पेटीवर ठेवला.

दोष सापडला तो मधल्या तारेच्या टोकाला. तांब्याच्या कडीवर हिरवट मीठ चढलं होतं. पाणी कुठून आलं म्हणून शोधलं तर काढून ठेवलेल्या सीटवर गोल डाग. लातुरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, पिण्याचं सगळे जारनं घेतात. क्लासमध्ये पोरींना पाणी मिळत नाही म्हणून अंकुशराव रोज एक भरलेला थंड पाण्याचा जार सीटवर ठेवायचे. जारची तोटी गळायची. थेंब थेंब झाकणाच्या फटीतून आत गेला होता. कुठल्या पुस्तकात हा दोष सापडणार? पोरींची तहान भागवायला गेले आणि गाडीला रोग लागला.

मी कडी घासून स्वच्छ केली, बसवली, गाडी चालू केली. आकडे सरळ. पण तारेचं आवरण सोलून बघितलं तर गंज आतवर चढलेला. तारांचा तो सगळा जुडगाच बदलायला हवा होता, आणि तो पुण्याहून यायला चार-पाच दिवस. सोमवार तर दोन दिवसांवर आलेला.

इथं मी सांगायला हवं होतं की जुडगा येईपर्यंत गाडी उभी ठेवा, मी मॅडमशी बोलते. मी म्हटलं, "चालवा खुशाल. मधेच कासव लागलं तर लक्ष देऊ नका. तार खोटं बोलते, बॅटरी ठणठणीत आहे."

अंकुशराव म्हणाले, "उद्या तुमची गाडी सांजच्याला हाय ना? मग चला किल्लारीपर्यंत. तुमीबी बघताल, अन् गाडीचीबी परीक्षा होईल."

किल्लारी

नवी किल्लारी बघून मी चकितच झाले. रुंद सरळ रस्ते, ठेंगणी पक्की घरं, जागोजागी मोकळी जागा. खेडं वाटतच नाही, एखादी कॉलनी वाटते. "भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलं," अंकुशराव म्हणाले. "पण कित्येक वर्सं लोक दारात निजायचे. छपराखाली डोळा लागायचा न्हाई."

मग ते मला जुन्या गावाच्या जागी घेऊन गेले. तिथं गाव नाही. दगडांचे ढीग, त्यावर बाभळी, मधे एखादा उंबरा. गाडी सावलीत लावली आणि आम्ही पायी फिरलो. एका ढिगापाशी ते उभे राहिले. ते त्यांचं घर होतं. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, असं ते सांगत होते, घर विकायला काढल्यासारखं नीट वर्णन करून.

"आधी वरीसभर हादरे बसून राहिले होते," ते म्हणाले. "भांडी वाजायची, पत्रा थरथरायचा. पहिल्यांदा सगळं गाव घाबरून बाहेर निजलं. मग पाऊस, चिखल, विंचू-काटा. किती दिवस बाहेर राहतील? हळूहळू एकेक घर आत गेलं. मी लहान, मला लई भ्या वाटायचं. भांडं वाजलं की रडायचो. बा म्हणायचा, काही न्हाई रे, नेहमीचंच हाय, झोप."

मी विचारलं, तुम्ही कसे वाचलात.

"त्या रात्री गणपती बुडवून आलो होतो. पोरंपोरं पारावरच निजलो, दमून. घरात आई, बा अन् माझी धाकटी बहीण." खाली वाकून त्यांनी ढिगावरून घरंगळलेला एक दगड उचलला आणि परत वर ठेवला.

दुपारी त्यांच्या चुलत्यांकडं धपाटे आणि दही झालं. चुलते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला ऊस कोल्हापूरचा गोड की इथला, असं विचारलं आणि मी काहीतरी उत्तर दिलं. माझं लक्ष नव्हतं. तरीही सांगते, तासाभरात मी ते सगळं विसरले होते. माणूस असाच असतो की मीच अशी आहे, कोण जाणे.

औशाचा रस्ता

परत निघायला उशीर झाला. ऊन तापलं होतं, माझं डोकं दुखत होतं, लातूरहून सुटणारी गाडी डोळ्यांपुढं दिसत होती. व्हॅन सुरेख चालली होती. औशाच्या अलीकडं एका खड्ड्यात चाक आपटलं आणि डॅशबोर्डवर कासव पेटलं.

अंकुशरावांनी तत्काळ गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, खाली उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. "उतरा, ताई."

मी उतरले नाही. घड्याळ बघितलं. स्कॅनर मांडीवरच होता, तो लावून बघितला. सातवा कमी, आठवा तेवढाच जास्त. काल होतं तेच. मग माझ्या तोंडून गेलं, आणि आवाज चढवूनच गेलं, "अहो अंकुशराव, काल सांगितलं ना तुम्हाला? काही झालेलं नाही. नेहमीचंच आहे हे. चला, बसा."

शब्द बाहेर पडला आणि मला कळलं मी काय बोलले ते. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. लहान मुलाला मोठ्यांनी दटावल्यावर ते जसं गप्प होतं, तसे ते गप्प झाले.

"हाव," ते म्हणाले.

मग येऊन बसले आणि गाडी चालू केली. फक्त मला एवढं म्हणाले, "काच पूर्ण खाली घ्या, अन् दाराला चिकटून बसा." लातूर येईपर्यंत कासव पेटलेलं होतं आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. मानेवरून घाम वाहत होता. मी म्हणू शकले असते, थांबा, आपण एसटीनं जाऊ. किंवा चुकलं माझं, एवढं तरी. ट्रेन चुकली असती, दुसरी मिळाली असती. आजही तो रस्ता डोळ्यांसमोर आला की माझी मलाच लाज वाटते. निदान बरोबर होतं म्हणून मी गप्प बसले, दुसरं काही कारण नव्हतं.

स्टेशनवर त्यांनी माझी पिशवी फलाटापर्यंत आणली. रेखावहिनींनी येसराची पुडी आणि ज्वारीच्या लाह्या बांधून दिल्या होत्या. मी म्हटलं, "जुडगा चार-पाच दिवसांत पाठवते." ते म्हणाले, "लई उपकार झाले." आणि वाकून नमस्कार केला. मी त्यांच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेन.

कोल्हापूर

तारांचा जुडगा मी पुण्याहून मागवून सरळ लातूरला धाडला. तिथल्या एका वायरमननं तो बसवला आणि मी फोनवर बघून एकेक जोड तपासून घेतला. झाकणाच्या फटीला रबर लावायला सांगितलं, जार पुढं पायाशी ठेवायला सांगितलं. आकडे सगळे एका ओळीत आले. त्यानंतर कासव एकदाही लागलेलं नाही. माझ्या धंद्यात याला काम फत्ते झालं असं म्हणतात.

महिन्यानं मी आपणहून फोन केला. पोरी काय म्हणतात, विचारलं.

"पोरी दुसऱ्या गाडीनं जातात ताई," अंकुशराव म्हणाले. "त्या सोमवारीच मी मॅडमला सांगितलं, दुसरी लावा म्हणून. डिझेलची हाय, जरा कोंबून बसवतो तो, पण हाय. मी मेसची भाजी वाहून राहिलो."

मी मेकॅनिकसारखीच बोलले. म्हटलं, आता तर जुडगा नवा आहे, आता शंका घ्यायला जागाच नाही, मी लिहून देते हवं तर. होस्टेलच्या मॅडमशी बोलते. तुम्ही हौसेनं घेतलेली गाडी, त्या मुलींसाठी घेतलेली.

"गाडी बेस हाय. तुमचं निदानबी बराबर हाय, ते मालूम हाय मला."

"मग?"

"मग काय न्हाई. त्या दिवशी कासव लागलेलं असताना मी चालवली की न्हाई? तुमी म्हणलात अन् मी चालवली. म्हंजे मी चालवू शकतो. ते मला आधी मालूम नव्हतं." पलीकडं कुणीतरी भाजीचे क्रेट उतरवत असल्याचा आवाज येत होता. "उद्या आत पोरी असल्या, अन् ते लागलं, तर मी थांबीन का न्हाई, याचा मला भरवसा न्हाई राहिला, ताई."

मी म्हटलं, "पण अंकुशराव, तार खोटं बोलत होती. माझं चुकलं नव्हतं हो."

"न्हाईच चुकलं," ते म्हणाले, अगदी समजूत काढल्यासारखं. "माझ्या बाचंबी कुठं चुकत होतं? नेहमीचंच हाय म्हणायचा, अन् सकाळी आम्ही सगळे धडधाकट उठायचो. वरीसभर बराबर निघाला तो."